वजन कळतं, जन्म कळायला वेळ लागतो: ताऱ्यांभोवतीचे तपकिरी बटू

वसमतहून एका मुलानं तीन प्रश्न विचारलेत. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. ताऱ्यांभोवती फिरणारे तपकिरी बटू सापडतात कसे? त्यांना ग्रह म्हणायचं की तारा, म्हणजे ते जन्मतात कसे? आणि आपल्या सूर्याला असा एखादा लपलेला जोडीदार असेल का?

औंढा नागनाथला गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होणार हे ठरल्यापासून आपल्याकडची पोरं असं काही विचारायला लागलीत, आणि मला त्याचा फार आनंद होतो. मी मूळची अंबाजोगाईची. गेली बावीस वर्षं ताऱ्यांचे वर्णपट मोजायचं काम करतेय, त्यातला मोठा काळ याच वस्तूंच्या मागे गेला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. वायूचा गोळा स्वतःच्या गुरुत्वानं आकसत गेला की आतून तापत जातो. वस्तुमान पुरेसं असेल तर गाभ्यात हायड्रोजनचं संलयन, म्हणजे अणुकेंद्रं जुळून ऊर्जा निघणं, सुरू होतं, आकसणं थांबतं आणि तारा उभा राहतो. पुरेसं म्हणजे गुरूच्या साधारण ७५ ते ८० पट, सूर्याच्या जेमतेम ७-८ टक्के. त्याहून हलक्या गोळ्यात संलयनाचा जम बसायच्या आधीच गाभ्यातले इलेक्ट्रॉन इतके दाटीनं कोंबले जातात की आणखी दबत नाहीत. हा दाब तापमानावर अवलंबून नसतो, गोळा निवला तरी तो कायम राहतो. म्हणून आकसणं थांबतं, तापणंही थांबतं, आणि हायड्रोजन पेटायचा तो राहूनच जातो. गुरूच्या १३ पटींच्या वरचे गोळे थोडा काळ ड्यूटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, जाळतात, ६५ पटींच्या वरचे लिथियमही संपवतात, पण त्यानं आयुष्यभराची सोय होत नाही. हे तपकिरी बटू.

उसतोडीच्या हंगामात परळीकडून जाताना वीटभट्ट्या दिसतात ना, त्या आठव. आग विझल्यावरही भट्टी कित्येक दिवस धगधगत राहते, पण तिच्यात नवं सरपण कुणी घालत नाही. तपकिरी बटूचं तसंच आहे. जन्मताना आकसण्यातून मिळालेली उष्णता तो अब्जावधी वर्षं सोडत बसतो आणि मंद होत जातो. यातून आमच्या कामातली सगळ्यात मोठी अडचण उभी राहते. भट्टीजवळ हात नेला आणि ती कोमट लागली, तर ती लहान भट्टी काल विझलेली की मोठी भट्टी आठवड्यापूर्वी विझलेली? नुसत्या उबेवरून सांगता येत नाही. तसंच हलका पण तरुण बटू आणि जड पण म्हातारा बटू हुबेहूब सारखे दिसू शकतात. एकटा फिरणारा बटू सापडला की त्याचं वय कळत नाही, आणि वय नाही म्हणून वस्तुमानही नीट कळत नाही. ताऱ्याभोवती फिरणारा बटू सापडला तर मात्र दोन्ही हाताला लागतात. वय ताऱ्यावरून, कारण दोघं एकत्रच जन्मले असं धरता येतं, आणि वस्तुमान कक्षेवरून. जोडीदार बटूंच्या मागे आम्ही एवढे लागतो ते याच्यामुळे.

अशा वस्तू असायलाच हव्यात हे कागदावर आधी मांडलं गेलं. मूळचे भारतातले शिव कुमार यांनी अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गणित केलं, आणि जपानमध्ये हायाशी आणि नाकानो यांनी १९६३ मध्ये तोच निष्कर्ष काढला. कुमार त्यांना काळे बटू म्हणत. ते नाव निवलेल्या श्वेत बटूंसाठीही, म्हणजे संपलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या गाभ्यांसाठीही, वापरलं जायचं, म्हणून १९७५ मध्ये जिल टार्टर यांनी तपकिरी हा शब्द सुचवला. खरं तर त्यांचा रंग तपकिरी नाही. नाव मिळालं, वस्तू मात्र पुढची वीस वर्षं सापडली नाही. कितीतरी उमेदवार आले आणि बाद झाले.

१९९५ साली एकदम दोन सापडले. एक कृत्तिकेत, एकटा. त्याचं नाव टायडे १. दुसरा ग्लीझ २२९ या तांबड्या बटू, म्हणजे लहान आणि मंद, ताऱ्याच्या शेजारी, आणि तुझ्या प्रश्नाशी थेट संबंध आहे तो याचाच. जानेवारीत रात्री माळवदावर जा. मृग नक्षत्र दक्षिणेकडे चढलेलं असेल. त्याच्या पायाखाली शशक नावाचा फिकट तारकासमूह आहे, हा तारा त्यातच आहे. अंतर सुमारे १९ प्रकाशवर्षं. चांगल्या द्विनेत्रीतून तारा दिसतो, जोडीदार दिसायची आशा ठेवू नकोस. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ६० इंची दुर्बिणीवर ताऱ्याचा झगमगाट आडवणारी तबकडी लावून ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याच्या बाजूला एक बारीक ठिपका टिपला गेला. या चमूत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. ठिपका पाहून त्यांनी लगेच जाहीर केलं नाही, वर्षभर थांबले. मागे कुठे तरी दूर असलेला तारा असता तर ग्लीझ २२९ पुढे सरकला असता आणि ठिपका मागे राहिला असता. वर्षानं पाहिलं तेव्हा दोघं सोबतच सरकले होते. मग वर्णपट घेतला आणि त्यात मिथेन निघाला. मिथेन टिकायला तापमान हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली लागतं, आणि इतका थंड तारा असूच शकत नाही. तिथे वाद संपला.

या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. पुढच्या पंचवीस वर्षांत या बटूनं ताऱ्याला किती ओढलं ते मोजलं गेलं आणि वस्तुमान आलं गुरूच्या ७१ पट. हे पटेना. इतका जड बटू त्या ताऱ्याच्या वयाला एवढा मंद असायला नको. भट्टी मोठी आणि ऊब लहान भट्टीची! काहींनी ताऱ्याच्या वयावर संशय घेतला, काहींनी निवण्याच्या गणितावर. २०२४ मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून पाहिलं तेव्हा तो एक बटू नव्हताच. ते दोन आहेत, गुरूच्या ३८ आणि ३४ पट, एकमेकांभोवती १२ दिवसांत फिरणारे. त्यांच्यातलं अंतर पृथ्वी-चंद्र अंतराच्या १६ पट. तीस वर्षं ज्याला आपण पहिला जोडीदार बटू म्हणत आलो तो जोडगोळी निघाला, आणि गणित जागेवर बसलं. आकडा पटत नसेल तर सिद्धान्त मोडायची घाई करण्याआधी आपण नेमकं किती वस्तूंकडे बघतोय ते तपासावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा हेच उदाहरण देते.

फोटोत पकडता येतात ते ताऱ्यापासून दूरचे. जवळचे झगमगाटात बुडतात, त्यांना ताऱ्याच्या हालचालीवरून शोधावं लागतं. जुन्या पद्धतीची मळणी तू पाहिली असशील, नसशील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचार. खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली, तिच्याभोवती बैलांची पात. बैल ओढतात तशी मेढही थोडी थोडी त्यांच्या बाजूला कलते आणि बैलांबरोबर तिचं टोकही फिरतं. तारा म्हणजे ती मेढ. तो आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जाताना तांबड्याकडे. हा सरकाव मोजला की ताऱ्याचा आपल्या दिशेतला वेग मिळतो, त्याला त्रिज्यीय वेग म्हणतात.

गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर इतका हलवतो. म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, आपल्या एस.टी.चा वेग. गुरूच्या ५० पट वस्तुमानाचा बटू पृथ्वीच्या जागी ठेवला तर सूर्य सेकंदाला सुमारे १,४०० मीटर हलेल. साडेबारा मीटर मोजणाऱ्या उपकरणाला हे डोळे झाकून दिसायला हवं. मग सूर्यासारख्या ताऱ्यांजवळ असे बटू भरपूर सापडायला हवे होते ना? सापडत नाहीत. २००६ मध्ये ग्रेथर आणि लाइनविव्हर यांनी हिशेब मांडला. पाच वर्षांहून लहान कक्षेत सूर्यासारख्या शंभरातल्या ११ ताऱ्यांना तारा हा जोडीदार आहे, पाचेक ताऱ्यांना गुरूहून जड ग्रह आहे, आणि तपकिरी बटू एकालाही धड नाही, प्रमाण एक टक्क्याहून कमी. याला तपकिरी बटूंचं वाळवंट म्हणतात. शोधणारी नजर कमी पडते म्हणून हे वाळवंट दिसतं असं म्हणता येत नाही, कारण ग्रहांपेक्षा बटू शोधणं सोपं. आणि बटू मुळात दुर्मीळ आहेत असंही नाही. आपल्या सूर्याच्या शेजारात मोजलं तर साधारण चार ताऱ्यांमागे एक बटू पडतो. मुबलक आहेत, पण ताऱ्याच्या उंबऱ्यापाशी नाहीत. त्यांच्या जन्माबद्दलचा सगळ्यात बोलका पुरावा मला हाच वाटतो, त्याकडे पुढे येते.

या पद्धतीत एक मोठी फट आहे. खळ्याच्या कडेला उभं राहिलास तर बैल तुझ्याकडे येताना आणि दूर जाताना दिसतील. बाजूच्या लिंबावर चढून सरळ खाली पाहिलंस तर ते नुसते गोल फिरतील, तुझ्याकडे येणार नाहीत की दूर जाणार नाहीत. आकाशातली कक्षा कोणत्या कोनातून दिसतेय ते वर्णपटावरून कळत नाही, म्हणून मिळतं ते किमान वस्तुमान. खरं वस्तुमान तेवढं किंवा त्याहून जास्त. १९८९ मध्ये डेव्हिड लेथम आणि सहकाऱ्यांना एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती ८४ दिवसांत फिरणारा जोडीदार सापडला, किमान वस्तुमान गुरूच्या ११ पट. बहुधा तपकिरी बटू, असं त्यांनी जपून लिहिलं. नंतर तो ग्रह असावा, कदाचित सौरमालेबाहेरचा पहिला ग्रह, असंही म्हटलं गेलं. तीस वर्षांनी गाइया या उपग्रहाच्या मोजमापांनी कोन कळला. आपण त्या कक्षेकडे जवळजवळ बरोबर वरून पाहतोय. वस्तुमान गुरूच्या शंभरपटीहून जास्त निघालं, म्हणजे तो साधा तांबडा बटू तारा.

मी स्वतः अशीच फसले होते, ते सांगते. मला एका ताऱ्याचा वेग सेकंदाला ९०० मीटरनं खालीवर होताना दिसला, अगदी नेटका, ठरलेल्या दिवसांनी परत येणारा. किमान वस्तुमान तीसेक गुरूंचं येत होतं. वाळवंटाच्या ऐन मधला बटू! चार महिने मी त्या आलेखावर बसले, लेखाचा कच्चा मसुदाही केला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढंच विचारलं, "निळ्या अर्ध्या भागातून आणि तांबड्या अर्ध्या भागातून वेगवेगळा वेग काढून पाहिलास का?" पाहिला नव्हता. वर्णपट मधोमध कापला, दोन्ही भागांतून वेग काढला. निळ्यातून आठशे, तांबड्यातून अकराशे. तारा खरोखर हलत असेल तर सगळे रंग सारखेच सरकायला हवेत. मग रेषांचा आकार तपासला. वेगाच्या तालावर प्रत्येक रेष एका बाजूला जाडसर होत होती. मुख्य ताऱ्याच्या प्रकाशात एक मंद, थंड जोडतारा मिसळला होता आणि त्याच्या रेषा मुख्य रेषांच्या पोटात सरकत होत्या. तो थंड असल्यानं तांबड्या प्रकाशात त्याचा वाटा जास्त, म्हणून तिथला आकडा मोठा. बटू नव्हताच. तेव्हापासून कुणीही उमेदवार आणला की मी पहिली दोन कामं हीच करते: रंगानुसार वेग वेगळा काढायचा आणि रेषांचा आकार डोळ्यांनी बघायचा. संगणकानं काढलेल्या एका आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कधीकधी कक्षा अशी असते की जोडीदार आपल्या आणि ताऱ्याच्या मधून जातो आणि ताऱ्याचा प्रकाश थोडा वेळ मंदावतो. याला अधिक्रमण म्हणतात. तेव्हा कोनाचा प्रश्न सुटतो आणि आकारही कळतो. पण नुसत्या मंदावण्यावरून काहीच ठरत नाही, कारण गुरू, गुरूच्या ५० पट बटू आणि सगळ्यात लहान तारे या सगळ्यांचा आकार जवळजवळ सारखाच! वस्तुमान वाढेल तसा गोळा आणखी दाबला जातो, फुगत नाही. २००८ मध्ये सापडलेला कोरो-३बी हा अधिक्रमण करणारा पहिला बटू. आकार गुरूएवढा, वस्तुमान जवळपास २२ पट, घनता प्लॅटिनमहून जास्त. उलट २०१७ मध्ये मोजलेला एक तारा, गुरूच्या ८५ पट वस्तुमानाचा, आकारानं शनीएवढाच निघाला. म्हणून टेससारख्या उपग्रहानं प्रकाश मंदावताना पाहिला तरी जमिनीवरून वेग मोजावाच लागतो.

या कामात आपल्या देशाचा वाटा आहे हे तुला माहीत असावं. अबूच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटरची दुर्बीण आहे. तिला पारस नावाचा वर्णपटमापक जोडलेला आहे. टेसनं सुचवलेल्या टीओआय-४६०३ या ताऱ्याचा वेग अभिजित चक्रवर्ती यांच्या चमूनं पारसवर मोजला आणि २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. तारा सेकंदाला सुमारे एक किलोमीटर मागेपुढे होतो. किती बारीक गोष्ट आहे ही ते बघ: प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे ६,००० अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) रेष सरकते फक्त ०.०२ अँगस्ट्रॉम. याहून शंभरपट बारीक सरकावही टिपता यावा म्हणून ते उपकरण निर्वातात, ठरलेल्या तापमानावर ठेवतात आणि शेजारी एका खास दिव्याच्या ओळखीच्या रेषा पट्टीसारख्या वापरतात. निघालेला जोडीदार ७ दिवस ६ तासांच्या आसपास एक फेरी मारतो. वस्तुमान गुरूच्या १२.८९ पट, आकार गुरूहून किंचित मोठा. १३ पटींच्या रेषेवर अगदी टेकलेला.

आता तुझा दुसरा प्रश्न. १२.८९ म्हणजे ग्रह आणि १३.१ म्हणजे बटू, असं म्हणायचं का? व्यवहारासाठी बरेच जण म्हणतात. मला ते समाधानकारक वाटत नाही. ड्यूटेरियम जळतं की नाही यावरून त्या वस्तूचा जन्म कसा झाला हे कळत नाही. आणि तू विचारलंयस ते जन्माबद्दल.

जन्माच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली ताऱ्यांची. थंड वायूचा अवाढव्य ढग आतल्या खळबळीनं ठिकठिकाणी दाट होतो, आणि एखाद्या दाट गाठीत गुरुत्वाची ओढ वायूच्या दाबाला भारी पडली की ती कोसळते. आपल्याकडे जूनमध्ये ढग जमतात आणि बरेचसे न बरसताच निघून जातात. तिथेही सगळ्या गाठी कोसळत नाहीत. कोसळताना निघालेली उष्णता बाहेर पडत राहते तोवर तुकड्याचे आणखी तुकडे पडू शकतात. वायू इतका दाट झाला की उष्णता आतच कोंडली जाते, तेव्हा तुकडे पडणं थांबतं. या हिशेबानं सगळ्यात लहान तुकडा गुरूच्या काही पट येतो, म्हणजे १३च्या रेषेच्याही खाली. याचा अर्थ काही "ग्रह" ताऱ्यासारखे जन्मलेले असू शकतात. कोवळ्या बटूंभोवती धुळीच्या चकत्या दिसतात, तरुण ताऱ्यांभोवती असतात तशाच. बहुतेक एकटे बटू या वाटेनं येतात असं मानायला हा चांगला आधार आहे. काही जण वाढ पुरी होण्याआधीच भावंडांच्या ओढाताणीत ढगाबाहेर फेकले जात असतील, असंही मांडलं गेलंय.

दुसरी वाट चकतीची. नव्या ताऱ्याभोवतीची वायूची चकती फार जड असेल आणि भराभर निवत असेल तर ती स्वतःच्याच वजनानं फाटते आणि तिचे तुकडे गोळा होतात. ताऱ्याजवळ चकती तापलेली असते, तिथे हे जमत नाही. पृथ्वी-सूर्य अंतराच्या पन्नास-शंभर पट लांबच जमतं. आणि तिथे जन्मलेल्या तुकड्याला आजूबाजूला इतका वायू मिळतो की तो गुरूएवढा थांबतच नाही, खात सुटतो.

तिसरी वाट ग्रहांची. धुळीचे कण चिकटत, खडे, डोंगर होत पृथ्वीच्या दहाएक पट गाभा तयार होतो आणि मग तो वायू ओढून घेतो. चकती काही दशलक्ष वर्षांत विरते, तोवर जेवढं मिळेल तेवढं. त्यामुळे या वाटेनं खूप जड वस्तू क्वचितच होतात.

आता ते वाळवंट पुन्हा बघ. ताऱ्यांची वाट वरून खाली येताना विरळ होत जाते, ग्रहांची वाट खालून वर चढताना विरळ होत जाते, आणि दोन्ही जिथे संपत येतात तिथे तपकिरी बटूंचं वस्तुमान येतं. दोन गावांच्या शिवेवरच्या पडीक माळासारखं आहे ते, दोन्हीकडची वस्ती तिथवर पोचतच नाही. शिवाय चकतीत लांब जन्मलेला तुकडा आत सरकत आला तर वाटेत वायू खाऊन तो तारा होतो, किंवा सरळ ताऱ्यातच पडतो. त्या माळावर टिकून राहणारा क्वचितच.

आणि माळावर कुणी सापडलाच, तर तो कोणत्या गावचा हे ओळखायच्या खुणा आहेत. पहिली खूण ताऱ्यातली लोहासारखी जड मूलद्रव्यं. महाग्रह जड मूलद्रव्यांनी समृद्ध ताऱ्यांभोवती जास्त आढळतात, कारण गाभा बनवायला धूळ लागते. जड बटूंच्या ताऱ्यांत असा कल दिसत नाही. दुसरी खूण कक्षेचा आकार. २०१४ मध्ये मा आणि ग या दोन संशोधकांनी जवळच्या बटूंची यादी तपासली, तेव्हा गुरूच्या ४२.५ पटींच्या आसपास फरक दिसला. खालच्यांच्या कक्षा ग्रहांच्या कक्षांसारख्या वागतात, वरच्यांच्या जोडताऱ्यांसारख्या. बघ, १३ नव्हे, ४२! दूरच्या, फोटोत दिसणाऱ्या जोडीदारांतही महाग्रहांच्या कक्षा बऱ्यापैकी गोल आणि बटूंच्या लांबट असा कल आहे. तिसरी खूण वातावरणाची. कार्बन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण ताऱ्याइतकंच असेल तर एकाच ढगातून दोघं आले असा तर्क बळावतो. या मापनांत अजून चुकीला बराच वाव असतो, म्हणून मी या खुणेवर एकटीवर भिस्त ठेवत नाही.

टीओआय-४६०३च्या जोडीदाराला या खुणा लावून बघ. त्याचा तारा जड मूलद्रव्यांनी समृद्ध आहे, हे ग्रहाच्या बाजूनं. कक्षा चांगलीच लांबट, उत्केंद्रता (लांबटपणाचं माप, पूर्ण गोल कक्षेला शून्य) ०.३च्या वर. ताऱ्याच्या इतक्या जवळ असताना ती गोल व्हायला हवी होती, अजून झालेली नाही. म्हणजे तो दूर कुठे तरी जन्मला, कशानं तरी आत ढकलला गेला आणि अजून स्थिरावतोय, असं शोधकर्त्यांनी मांडलंय. माझं मत विचारशील तर मी त्याला ग्रहांच्या वाटेनं आलेला समजते, आणि वस्तुमान १४ पट निघालं असतं तरी हेच म्हणाले असते.

हे सगळं आजवर मोजक्या वस्तूंवर उभं आहे. अधिक्रमण करणारे बटू अजून शंभरही नाहीत. गाइयानं हे बदलायला सुरुवात केलीय. तो ताऱ्याचं आकाशातलं डुलणं मोजायचा, म्हणजे लिंबावरून खळं पाहणारा माणूस तोच. वर्णपट कडेवरून बघतो आणि गाइया वरून, दोन्ही जुळवले की खरं वस्तुमान हातात येतं. २०२५ मध्ये गाइया-५बी हा गुरूच्या सुमारे २१ पट बटू असाच पक्का झाला, एका लहान ताऱ्याभोवती साधारण वर्षभरात फिरणारा. पण त्याच यादीतले बहुतेक उमेदवार वर्णपट घेतल्यावर जोडतारे निघाले. दोन सारख्या तेजाचे तारे एकमेकांभोवती फिरले तर त्यांच्या एकत्रित प्रकाशाचा मध्य फार थोडा हलतो आणि जोडीदार हलका असल्याचा भास होतो. माझ्या त्या चार महिन्यांसारखंच. गाइयाची, टेसची मोजमापं कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पायथन ही संगणकाची भाषा थोडी शिकलास तर वसमतला बसून टेसचा एखादा आलेख काढून त्यातलं मंदावणं स्वतः मोजशील. बॅकयार्ड वर्ल्ड्‌स नावाच्या उपक्रमात सामान्य लोकांनी घरबसल्या चित्रं तपासून कितीतरी बटू शोधलेत, तिथूनही सुरुवात करता येईल.

राहिला तिसरा प्रश्न, सूर्याच्या जोडीदाराचा. ही शंका जुनी आहे. केविन लुहमन यांनी वाइज या अवरक्त दुर्बिणीची वेगवेगळ्या वेळची चित्रं ताडून पाहिली आणि २०१४ मध्ये निकाल सांगितला: पृथ्वी-सूर्य अंतराच्या २६,००० पटींपर्यंत गुरूएवढाही जोडीदार नाही. बटू तर अजिबात नाही. पण त्याच शोधात त्यांना दोन शेजारी मिळाले. एक २०१३ मध्ये, साडेसहा प्रकाशवर्षांवर, एकमेकांभोवती फिरणारे दोन बटू. त्यांच्याहून जवळ फक्त मित्र (आल्फा सेंटॉरी) ताऱ्याची त्रयी आणि बर्नार्डचा तारा आहे. दुसरा २०१४ मध्ये, साधारण ७.४ प्रकाशवर्षांवर, एकटा, गुरूच्या ३ ते १० पट वस्तुमानाचा. तो ताऱ्यासारखा ढगातून आला की कुणाच्या तरी घरातून फेकलेला ग्रह आहे, हे त्याच्या वजनावरून सांगता येत नाही, आणि विचारायला शेजारी ताराही नाही. आधी त्याचं तापमान शून्याच्याही खाली धरलं होतं. वेब दुर्बिणीच्या मोजमापांनंतर ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास आलं, परभणीतल्या जानेवारीच्या पहाटेइतकं.